दर्याईची डावी बाही

माझे यजमान जाड कापडाचे शिंपी होते. ठाण्यात तळ्याजवळच्या एका आळीत त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. कचेरीतल्या शिपायांचे डगले, तुरुंगावरच्या पहारेकऱ्यांचे अंगरखे, रेल्वेतल्या लोकांच्या बंड्या असलं काम त्यांच्याकडे येई. कापड इतकं राठ असायचं की कातर चालवताना त्यांच्या मनगटाची शीर फुगायची. त्यांना त्याचा अभिमान होता. शिवलेला डगला आत माणूस नसतानाही जमिनीवर उभा राहिला पाहिजे, असं ते म्हणत.

मी कल्याणची. माझे वडीलही शिंपीच, पण त्यांच्याकडे चोळ्या, कुंच्या, मुलांची अंगडी-टोपडी असं काम. म्हणजे खरं तर शिवायची आई आणि दुकानात बसायचे वडील. कल्याणात मुलींची शाळा नवी निघाली तेव्हा बसायला मुली मिळेनात. शाळेचे पंतोजी घरच्या मुलांची अंगडी शिवायला आमच्याकडे येत, त्यांनी वडिलांना गळ घातली, आणि भीड मोडवेना म्हणून वडिलांनी मला पाठवलं. लग्न ठरेपर्यंत गेले. त्यामुळे लिहिता-वाचता येऊ लागलं. त्याचा सासरी काही उपयोग नव्हता आणि अडचणही झाली नाही.

सासरी माझ्या सुईला फारसं काम नव्हतं. काजं करायची, बटणं लावायची, झालं. पुढे यजमानांनी मुंबईहून शिवणाचं यंत्र आणलं. त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. आळीतली माणसं बघायला येत. यजमान पायाने चाक फिरवून दाखवत आणि म्हणत, "दहा माणसांचं काम एकटं करतं." ती दहा माणसं मग काय करतील, हे कोणी विचारलं नाही.

असे दिवस चालले असताना एका दुपारी मुनसफांचा पट्टेवाला दुकानात आला आणि त्याने विचारलं, "शिंप्याच्या घरात शिवणारी बाईमाणूस आहे का?"

यजमान म्हणाले, "शिवणारा मी आहे."

"तुम्ही नाही चालणार. बाईसाहेबांचं माप घ्यायचंय."

हे ऐकून यजमानांनी कातर खाली ठेवली. बायकांच्या चोळीचं माप कोणी अंगावर घेत नसे. जुनी चोळी पाठवायची, तिच्यावरून शिंपी नवी बेतायचा. अंगावर माप घ्यायचं म्हणजे जुनं काही नाहीच, असं काहीतरी शिवायचं होतं. त्यांनी आत वळून मला हाक मारली.

मुनसफ, म्हणजे दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश, नुकतेच बदलून ठाण्याला आले होते. तळ्यापलीकडच्या मोठ्या घरात त्यांचं बिऱ्हाड होतं. मागच्या पडवीत त्यांच्या आई वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि सोललेल्या वालांवरची नजर न काढता आत हाक मारली, "आली गं तुझी शिंपीण."

मुनसफीणबाई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या असाव्यात, किंवा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या. अंगावर पदर दोन्ही बाजूंनी लपेटलेला, वैशाखाचा उकाडा असूनही. त्यांच्या हातात धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली एक घडी होती.

"पोलकं येतं का शिवायला?" त्यांनी विचारलं.

पोलकं मी कल्याणच्या स्टेशनात एका पारशिणीच्या अंगावर पाहिलं होतं. आमच्याकडे तेव्हा चोळीच. पुढे गाठ मारायची, बाही कोपराच्या वर संपायची. पोलकं म्हणजे गळ्याशी बंद, कमरेपर्यंत लांब, पुढे बटणं आणि बाह्या थेट मनगटापर्यंत. मुंबईच्या काही सुधारक घरांतल्या बायका घालू लागल्या आहेत, एवढं ऐकून होते. ठाण्यात आमच्या लोकांत कोणी घातलेलं नव्हतं.

"पाहिलंय. शिवलं नाही," मी म्हटलं.

"मग बघून शीक. मी तरी कुठे घातलंय?" असं म्हणून त्यांनी घडी सोडली.

आत दर्याई होती. चिनी रेशमाची, अबोलीच्या फुलाच्या रंगाची. मी तोवर रेशीम पाहिलं होतं ते पैठणीचं, पीतांबराचं, खणाच्या काठाचं. त्या रेशमाला वजन असतं, हातात घेतलं की आपण काहीतरी घेतलंय असं कळतं. हे कापड हातावर ठेवलं तेव्हा माझ्या तळहातावरच्या रेषा त्यातून दिसत होत्या. दारातून वारा आला तर त्याचं टोक आपोआप उचललं जाई. अंगभर झाकणारं पोलकं, आणि शिवायचं असल्या कापडाचं, हे मला विचित्र वाटलं. बाईंच्या सासूबाईंनी ते बोलूनच दाखवलं.

"सांग तिला. यापेक्षा आपली चोळी बरी नव्हे का? जे आहे ते निदान झाकलेलं तरी असतं."

"आत चल," बाई मला म्हणाल्या.

आतल्या खोलीत त्यांनी दार लोटलं, पदर काढला आणि डावा हात पुढे केला. कोपराच्या वरून मनगटापर्यंत हात भाजलेला होता. भाजलेलं जुनं होतं. कातडी काही ठिकाणी चकचकीत, काही ठिकाणी दोरी वळावी तशी वळलेली. लहानपणी माहेरी दिवाळीच्या तळणाची कढई कलंडली, असं त्यांनी सांगितलं. आवाजात काही नव्हतं. घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

"जाड्याभरड्या मांजरपाटाने हात सोलवटतो. मलमल करून बघितली, ती घामाने चिकटते आणि काढताना जीव जातो. ही दर्याई एवढी एक चालते. रात्रभर हाताला गुंडाळून निजले होते. पण शिवण त्वचेला लागता कामा नये. आणि आतला हात बाहेरून दिसता कामा नये. जमेल?"

मी हाताकडे बघत होते ते कापडाचा विचार करत. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. खरोखर तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुहेरी घेतली तर हात दिसणार नाही. दोन पदरांच्या शिवणी एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या तर त्वचेला काही लागणार नाही. बाही सैल हवी आणि मनगटाशी बारीक चुण्या. पण कापड बेताचंच होतं.

"डावी बाही दुहेरी आणि सैल करते," मी म्हटलं. "उजवीला मग कापड पुरणार नाही. ती घट्ट होईल, आतून मलमलीचं अस्तर लावून. दोन्ही सारख्या दिसणार नाहीत."

"न दिसोत."

माप घेऊन आम्ही बाहेर आलो. सासूबाईंनी वाल बाजूला सारले. त्या काही वाईट बाई नव्हत्या, हे पुढे मला पुष्कळदा दिसलं. त्या सुनेला म्हणाल्या, "भाजलेल्या हाताला कोणी नावं ठेवत नाही गं. पोलक्याला ठेवतील. लोकांना सांगावं, लहानपणी भाजलं. लपवतेस कशाला?"

"नावं ठेवू देत," बाई म्हणाल्या. "ती मला चालतात. पंगतीत वाढायला गेले की बायका हाताकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, अगं आई गं. ते नाही चालत."

सासूबाईंनी पुन्हा वाल ओढले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "दोरा कसला घालणार?"

"रेशमाचाच. कापडाच्या काठातून काढते."

"मग ठीक. सुताचा नको. रेशमाला एकदा सूत लागलं की ते सोवळ्यातून गेलं."

पोलकं घालून कोणी सोवळ्यात बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण काहीतरी आपल्या म्हणण्याप्रमाणे व्हावं, एवढंच असावं.

घरी आल्यावर यजमानांनी घडी उघडली. दोन बोटांत कापड धरून उजेडाकडे नेलं आणि म्हणाले, "याचं काय शिवायचं? हे तर नाहीच." मग त्यांना वाटलं, यंत्रावर करून बघावं. मी कडेची एक चिंधी दिली. यंत्राने ती पहिल्या टाक्यालाच खाली ओढून घेतली, चुण्या चुण्या करून चावली आणि थांबलं. यजमानांनी चाक उलटं फिरवून चिंधी सोडवली. ती सगळी भोकाभोकांची झाली होती. त्यांनी यंत्रावर कापड झाकलं आणि पान खायला बाहेर गेले.

दर्याई शिवताना मला कळलं ते असं. ती बेतायला ठेवली की सरकते. म्हणून मी ओलं करून पिळलेलं धोतर जमिनीवर पसरत असे आणि त्यावर दर्याई अंथरत असे. मग ती चिकटून राही आणि कातर सरळ जाई. तिला साधी सुई चालत नाही. मोती ओवायची सुई लागते. आणि मुख्य म्हणजे तिच्यावर चूक करता येत नाही. मांजरपाटात टाका चुकला तर उसवावा, कापड विसरून जातं. दर्याईत सुई एकदा शिरली की भोक तिथेच राहतं. त्यामुळे टाका घालण्याआधी विचार करावा लागे, आणि मला विचार करायची सवय नव्हती. पहिले दोन दिवस मी नुसती कापडासमोर बसून राहिले.

दर्याईची खळ काढायला एकदा ती पाण्यातून काढून मागच्या दोरीवर सावलीत घातली होती. आमच्याकडे खाडीवरची एक कोळीण मासळी घेऊन येई. तिने टोपली उतरवली, दोरीकडे बघितलं आणि जवळ जाऊन वाकली. हात लावला नाही. मासळीचा हात होता.

"गो बाय, ह्या कापर हाय का कोलबीचा साल?"

मी हसले, पण नंतर बघितलं तर तसंच होतं. सोललेल्या कोळंबीचं साल उन्हात धरलं की जसं दिसतं, तसा रंग आणि तसंच आरपार.

पोलकं पुरं झालं आणि मी ते घेऊन गेले. बाईंनी डावा हात बाहीत घातला. आधी हळू, मग सरळ. कोपर दुमडून बघितलं, हात वर केला, डोक्यामागे नेला. मग त्या खिडकीपाशी उजेडात गेल्या आणि बाही मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपली. मी खाली बसून उरलेल्या चिंध्या गोळा करत होते. वळल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लागत नाही कुठे."

सासूबाई दारात आल्या, मागून पुढून बघितलं आणि म्हणाल्या, "एक बाही बारशाची, एक लग्नाची." पण त्यांनी स्वतःच्या हाताने सुनेच्या पाठीवरचा पदर सारखा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलींच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता. कलेक्टरसाहेबांच्या मडम बक्षिसं द्यायला येणार होत्या आणि मुनसफीणबाईंनी त्यांच्या शेजारी बसायचं ठरलं होतं. मी गेले नव्हते. आम्हा लोकांना तिथे बोलावणं नव्हतं. जे झालं ते मला पट्टेवाल्याच्या बायकोकडून कळलं. बाई पदर नीट घेऊन, पोलकं घालून खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात मोकळे ठेवून त्यांनी मुलींना खाऊ वाटला. मडमेने बाहीला हात लावून काहीतरी विचारलं. बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या बायकांतल्या काही जणी मध्येच उठून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ठाण्यात दुसरा विषय नव्हता. मुनसफांनी बायकोला मडमीण केली, असं एक बाजू म्हणे. मुनसफांनी मोठं धैर्य दाखवलं, असं दुसरी बाजू म्हणे. दोन्ही बाजूंना एका गोष्टीची खात्री होती, की हे मुनसफांनी केलं. ते स्वतः साधे गृहस्थ होते. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला निघत. अनोळखी लोक त्यांना थांबवून हात जोडत किंवा तोंड फिरवून पुढे जात. ते दोघांनाही सारखाच नमस्कार करत. बायकोने सांगितलं असतं तर त्यांनी खरं कारण लोकांना सांगितलंही असतं. तिने सांगितलं नाही म्हणून ते बोलले नाहीत. मला ते आवडलं.

झळ लागली ती आमच्या दुकानाला. एका कारकुनाने डगला शिवायला दिला होता. तो तसाच परत घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "तुमची बायको आमच्या बायका बिघडवते." आणखी दोघे-तिघे यायचे थांबले. यजमान रात्री जेवताना म्हणाले, "हे पातळ कापडाचं काम बंद कर."

"बंद करायला एकच तर होतं. ते झालं."

"आणि ती डावी बाही? लोक म्हणतात, शिंपी आंधळा आहे का? एक बाही सैल, एक घट्ट. माझ्या दुकानाचं नाव जातं त्यात. अशी का केलीस?"

"त्यांनी सांगितली तशी केली."

"का सांगितली?"

"मी कशाला विचारू?"

त्यांनी पानातला भात संपवला आणि उठले. खोटं बोलायला मला त्या वेळी काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुसऱ्याच्या अंगाचं माप शिंप्याने बाहेर सांगू नये, हे मी वडिलांकडून शिकले होते आणि तो हात मला मापाचाच भाग वाटला.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई मागच्या दाराने आल्या. डगला परत नेणाऱ्या कारकुनाची बायको. पदराआड कापड होतं. दर्याईच, पण हलकी, पिस्त्याच्या रंगाची.

"मुनसफीणबाईंसारखं शिवून दे. अगदी तसंच. आमच्या घरी यांना अजून सांगितलेलं नाही, शिवून झालं की सांगीन."

मी माप घेतलं. कापड भरपूर होतं. म्हणून म्हटलं, "दोन्ही बाह्या सारख्या करते."

त्या दचकल्या. "नको नको! डावी सैलच कर. मुंबईला तशीच रीत आहे म्हणतात. दोन्ही सारख्या केल्यास तर गावंढळ दिसेल."

"कोण म्हणतं?"

"सगळ्याच म्हणतात."

मी डावी बाही सैल केली. तिला दुहेरी पदराची गरज नव्हती, पण त्यांना तसाच पदर हवा होता, तसा दिला. त्यांच्यानंतर वकिलांच्या घरातून दोन पोलकी आली. मग मास्तरांच्या बायकोचं. मग एक प्रभूंच्या घरातली नवी नवरी सासूला घेऊन आली. कापड आणणाऱ्या प्रत्येकीच्या घरी दर्याई पोहोचली होती असं नाही. कोणी जुन्या पातळशा शेल्याचं शिवून मागे, कोणी मलमलीचं. पण डावी बाही सैल हवी, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. डावीची चुणी किती बारीक असावी, यावरसुद्धा मला सूचना मिळू लागल्या.

आता मात्र यजमान पान खायला बाहेर जाईनासे झाले. माझ्याजवळ बसून बघत. एके दिवशी त्यांनी ओल्या धोतरावर अंथरलेली दर्याई स्वतः कापून बघितली. जाड कापडाच्या सवयीने कातर जोरात चालवली आणि टोक बोटभर तिरपं गेलं. शिवी हासडली, पण उठले नाहीत. दुसऱ्या खेपेला सरळ कापली. तेव्हापासून बेतणं त्यांचं आणि शिवणं माझं असं झालं. एकदा एका गिऱ्हाइकाशी ते बोलत होते ते मी आतून ऐकलं.

"डावी बाही सैल का ठेवतात म्हणून विचारता? अहो, बायका मूल डाव्या कडेवर घेतात. उजवा हात कामाला लागतो. मुलाच्या भाराने डावी बाही ताणते, म्हणून ती सैल. साहेबी कापडशास्त्रात हे सगळं आहे."

गिऱ्हाइकाने मान डोलावली. मलाही क्षणभर ते खरं वाटलं.

त्या चैत्रात मुनसफीणबाईंनी हळदीकुंकू केलं. त्यांच्या सासूबाईंनी मला सकाळपासून बोलावून घेतलं होतं, गौरीमागचा पडदा आणि आरास शिवून लावायला. संध्याकाळी बायका येऊ लागल्या तेव्हा मी पडवीत कैरीच्या डाळीची पानं लावत होते. तिथून माजघर दिसत होतं. पहिल्यांदा कारकुनाच्या बायको आल्या, पिस्त्याच्या रंगात. मग वकिलांकडच्या दोघी. मग ती नवी नवरी. कोणी उठून जाणारं उरलं नव्हतं. सगळ्या ओळीने बसल्या आणि त्यांच्यासमोर बाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी पहिलीला कुंकू लावलं. तिने अत्तरासाठी मुद्दाम बाही दिसेल असा डावा हात पुढे केला, बाही खाली घसरली, तिने ती कौतुकाने सावरली. दुसरीनेही तसंच केलं. तिसरीपाशी बाईंचा हात थांबला. त्यांनी ओळीच्या टोकापर्यंत पाहिलं. मग पडवीकडे पाहिलं, मी दिसले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी कोयरी सासूबाईंच्या हातात दिली आणि झपाझप आत निघून गेल्या.

मला वाटलं रडायला गेल्या. मी हात पुसून मागच्या बाजूने गेले. स्वयंपाकघरात धान्याच्या कणगीला टेकून त्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून त्यांना आणखी हसू आलं.

"काय केलंस गं हे?"

"मी काही केलं नाही. त्यांनीच मागितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि तू सांगितलं नाहीस, का ते?"

"नाही."

तेवढ्यात सासूबाई आल्या. "बायका ताटकळल्यात आणि तू इथे काय करतेस?" असं म्हणता म्हणता त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, बाहेर ओळीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि त्यांनाही उलगडा झाला. त्यांचे ओठ थरथरले. त्यांनी मोठ्या कष्टाने ते आवरले. "चल बाहेर," त्या म्हणाल्या. "डोळे पूस आधी."

बाई बाहेर गेल्या आणि शेवटच्या बाईपर्यंत नीट कुंकू लावलं. पन्हं देताना त्यांनी पहिल्यांदाच पदर मागे टाकला होता. इतक्या डाव्या बाह्यांत त्यांच्या बाहीकडे कोणी बघत नव्हतं.

मुनसफांची बदली त्याच वर्षी देशावर झाली. निघण्याआधी बाईंनी मला बोलावलं. सामान बांधलेलं होतं, घरात आवाज घुमत होता. मी त्यांच्यासाठी आणखी दोन पोलकी शिवून नेली होती. त्यांनी ती ट्रंकेत ठेवली आणि विचारलं, "नवऱ्यालाही सांगितलं नाहीस?"

"नाही."

"मग त्यांना काय वाटतं, बाही अशी का?"

मी कडेवरच्या मुलाचं सांगितलं. साहेबी कापडशास्त्राचंही सांगितलं. त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी लवकर थांबल्या.

"कारण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "असू दे तेच."

त्यांनी माझ्या ओटीत नारळ घातला, मी नमस्कार केला. दुपारच्या गाडीने ते लोक गेले. पुढे त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. देशावरच्या कोरड्या हवेत हात बरा राहिला असेल, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

ठाण्यात ती सैल बाही आणखी काही वर्षं चालली. मग मुंबईहून दोन्ही खांद्यांशी फुगीर बाह्यांची पोलकी आली आणि लोक डावी-उजवी विसरले. जपानी रेशीम बाजारात आलं. ते दर्याईपेक्षाही पातळ आणि स्वस्त, पण एका धुण्यात सुरकुतून जाणारं. मी तेही शिवलं. आमच्याकडे जाड कापडाचं काम कमी होत गेलं आणि यजमानांनी त्याची फार खंत केली नाही. यंत्र मलमलीसाठी आणि अस्तरासाठी वापरत होतो.

प्लेग आला तेव्हा आळी रिकामी करायला लावली. आम्ही मुलांना घेऊन कल्याणला माझ्या भावाकडे गेलो आणि परत आलो नाही. कल्याणात बाजारपेठेच्या तोंडाशी लहानशी जागा मिळाली. गिऱ्हाइकं बहुतेक रेल्वेतल्या बाबूंच्या घरातली. यजमानांची नजर तोवर अधू झाली होती. बेतायचं काम त्यांनी सोडलं आणि माझ्याकडे टाचण घालायला मागू लागले. कच्चे टाके, नंतर काढून टाकायचे, म्हणून थोडे वाकडे गेले तरी चालत. पण रेशमात भोक राहतं, म्हणून ते फार हळू घालत.

एका सकाळी ते उंबऱ्याशी उजेडात बसले होते, मांडीवर एका लग्नाच्या पोलक्याचं जपानी रेशीम, पांढरं.

"अगं," ते म्हणाले, "हे हातात आहे की नाही, तेच कळत नाही मला."

"बोटं ओली करा जराशी. मग कळेल."

त्यांनी शेजारच्या वाटीत बोटं बुडवली, पंच्याला टिपली आणि कापड पुन्हा धरलं.

"आहे," ते म्हणाले आणि पुढचा टाका घातला.